परकोटाच्या आत नवं अपार्टमेंट कसं असावं?

अमरावतीचा परकोट राजासाठी नव्हे, बाजारासाठी उभा राहिला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या राजवटीत १८०७ साली त्याचं काम सुरू झालं. २० ते २६ फूट उंच दगडी भिंत, पाच दरवाजे, चार खिडक्या. जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट ही नावं आजही ऑटोवाल्यांच्या तोंडी असतात.

या भिंतीच्या आत जुनं घर पाडून अपार्टमेंट बांधायचं, तर ते दिसावं कसं?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. तळाला पार्किंग, समोर निळी काच. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तिथे पश्चिमेला काच लावायची म्हणजे विजेचं बिल हौसेनं वाढवून घ्यायचं! जुन्या घरांना जाड भिंती, ओसरी, मधलं अंगण आणि मातीचं धाबं होतं, ते उगाच नव्हे. मात्र प्लास्टरची महिरप चिकटवली की 'हेरिटेज लूक' आला, हेही पटण्यासारखं नाही. शेजाऱ्यांशी जुळणारी उंची, सावली देणारा सज्जा आणि रस्त्यालगत बसायला ओटा एवढं साधलं, तरी इमारत गल्लीत उपरी वाटत नाही.

हे सक्तीनं साधायला मात्र कायद्याचा हात तोकडा आहे. वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. अकोला जिल्ह्यातला बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री केंद्र संरक्षित आहेत. अशा स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी सक्तीची. पण ती हद्द संपली, की जुन्या पेठेचं रूप ठरतं ते बिल्डरच्या नकाशावर.