न्यूट्रलला रेस होणारी जिप्सी : आजार कुठे आणि औषध कुठे?

गाडी न्यूट्रलला उभी आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, इंजिन चांगलं गरम झालंय आणि तरीही ते १६०० आरपीएमवर गुरगुरतंय! जुन्या पेट्रोल गाड्यांमधला हा आजार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे थ्रॉटलचा स्क्रू पिळायचा आणि गाडी परत द्यायची. माझ्या मामाच्या १.३ लिटर एमपीएफआय जिप्सीने मात्र हा उपाय मानला नाही. तीन गॅरेजं झाली, आयडल कंट्रोलची नवी झडप बसली, खिसा हलका झाला, पण काटा जागचा हलला नाही. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मेकॅनिकलचाच एक मित्र, आम्ही ती क्रमाने तपासली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आता कोणी म्हणेल, रेस थोडी जास्त आहे, त्यात काय एवढं? सपाट रस्त्यावर फक्त पेट्रोल जास्त जाईल. पण फोर-बाय-फोर गाडी उतारावर लो रेंजमध्ये, पहिल्या गिअरला, ब्रेकला पाय न लावता उतरवायची असते. तिथे इंजिनच गाडीला मागे धरतं. गिअर तोच असेल तर वेग थेट आरपीएमच्या प्रमाणात असतो. म्हणजे ८०० ऐवजी १६०० आरपीएम झाले की वेग दुप्पट आणि गतिज ऊर्जा चौपट! मग ब्रेक दाबावाच लागतो, आणि ओल्या मुरमावर चाक लॉक झालं की गाडी घसरलीच. मामाच्या शेताची वाट अशीच उताराची. पावसाळ्यात मामीला त्या गाडीत बसवायचं त्याने बंदच केलं होतं, आणि गाडी विकायची बोलणीही सुरू झाली होती.

थोडी थिअरी पाहू. पेट्रोल इंजिनचा वेग आपण हवेवर ताबा ठेवून ठरवतो. थ्रॉटलची बटरफ्लाय बंद असताना इंजिनला लागणारी थोडीशी हवा बायपास वाटेने येते आणि ती आयडल कंट्रोल झडप कमी-जास्त करते. अशा इंजिनात आत आलेली हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सर सांगतो आणि त्यावरून ईसीयू हवेचा हिशोब करतो. बटरफ्लायच्या पुढे कुठूनही चोरटी हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं हवा जास्त आली, म्हणून तो पेट्रोलही जास्त सोडतो. इंजिन धावू लागतं. ईसीयू मग झडप बंद करत नेतो, पण ती पूर्ण बंद झाल्यावर पुढे काय करणार? म्हणूनच नवी झडप बसवून काही फरक पडला नव्हता. झडप बिचारी आपलं काम चोख करत होती!

थोडक्यात, प्रश्न एकच : जास्तीची हवा येते कुठून?

पहिली तपासणी फुकटची. अ‍ॅक्सिलरेटरची केबल थ्रॉटलकडून सोडवली. खराब रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत इंजिन माउंटिंग बसलेली असतात, त्यामुळे केबल ताणली जाते. इथे तसं नव्हतं. बटरफ्लाय पूर्ण मिटत होती.

दुसरी तपासणी वाट शोधायची. एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाईप काढला आणि इंजिन चालू ठेवून थ्रॉटल बॉडीचं तोंड जाड, सपाट रबराच्या तुकड्याने झाकलं. (फडकं वापरू नका, ते आत ओढलं जातं.) इंजिन बंद पडलं तर हवा थ्रॉटलमधून किंवा बायपासमधून येतेय. चालूच राहिलं तर ती बटरफ्लायच्या पुढून शिरतेय. आमचं इंजिन मजेत चालू राहिलं! निम्मे संशयित एका मिनिटात सुटले.

तिसरी तपासणी नळ्यांची. ब्रेक बूस्टर, पीसीव्ही, चारकोल कॅनिस्टर अशा मॅनिफोल्डला जोडलेल्या नळ्या पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून एकेक दाबायच्या. जी दाबल्यावर आरपीएम पडेल ती चोर. इथे एक मेख आहे. नळी नेहमी मॅनिफोल्डच्या तोंडाशीच दाबावी. चीर पकड आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये राहिली तर दाबूनही फरक पडत नाही आणि चोर निर्दोष सुटतो. आमच्या पीसीव्ही नळीचं नेमकं असंच होतं. मधोमध दाबली तर काही नाही, मॅनिफोल्डजवळ दाबली की काटा धाडकन खाली! नळी काढून पाहिली तर वाकणाच्या खालच्या बाजूला बोटभर चीर. वरून ती दिसणं शक्यच नव्हतं. इतक्या वर्षांच्या तेल आणि उष्णतेने रबर फुगून मऊ पडलं होतं.

नळ्या निर्दोष निघाल्या असत्या, तर मॅनिफोल्ड गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगवर साबणाचं पाणी बेताने फवारायचं, वायरिंग सांभाळून. गळती क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनावर मारणं म्हणजे आगीशी खेळ.

नवी नळी बसली, आरपीएम ११०० वर आले. पण ८५० काही होईनात. म्हणजे चोर दोन होते, आणि म्हणूनच हा आजार इतका चिवट झाला होता.

इंजिन थंड असताना ईसीयू मुद्दाम रेस जास्त ठेवतो. मग त्याला इंजिन थंडच वाटत असेल तर? दहा किलोमीटर फिरवून आणल्यावर कूलंट तापमानाच्या सेन्सरचा रोध मोजला : ८०० ओहमच्या आसपास. या प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशाला साधारण २ ते ३ किलोओहम असतो, ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास. म्हणजे पाणी जेमतेम ५० अंशांवर! इंजिन थंड झाल्यावर थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नाही. “आपल्याकडे गरम हवा, याची गरज काय?” म्हणून कोणीतरी तो काढून टाकला होता. नवा बसवला, कूलंट भरून हवा काढली आणि काटा ८५० वर स्थिर झाला.

मित्रांनो, व्हॅक्यूम गेज मिळालं तर जरूर लावा. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. दर हजार फुटांना एक इंच कमी धरायचा, म्हणजे पुण्यात दोनेक इंच आणि महाबळेश्वरला चार-साडेचार. हा हिशोब न धरता गेज वाचलं तर नसलेली गळती शोधत बसाल.

आणि स्क्रू? तो सगळ्यात शेवटी, मॅन्युअल समोर ठेवूनच. काम करताना फॅन बेल्टपासून बाह्या दूर ठेवा आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दोन्ही भागांचा मिळून खर्च एका नव्या झडपेपेक्षा कितीतरी कमी आला. गाडी विकायचा विषय मामाच्या घरात सध्या बंद आहे!