पायांनी वाचायचा रस्ता

मेट्रोच्या फलाटावर, नव्या फूटपाथवर, मोठ्या स्टेशनात जिन्याच्या तोंडाशी जमिनीत बसवलेला पिवळा पट्टा तुम्ही कित्येकदा ओलांडला असेल. त्यातल्या काही फरशांवर लांबट उंचवटे असतात, काहींवर गोल ठिपके. कुणाला ती नक्षी वाटते, कुणाला पावसात पाय घसरू नये म्हणून केलेली सोय. खरं तर तो मजकूर आहे, तळपायाने आणि पांढऱ्या काठीच्या टोकाने वाचायचा. त्यात शब्द दोनच : ‘चला’ आणि ‘थांबा’.

लांबट उंचवटे म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. कोणता आकार कशासाठी, हे कुणी सहज ठरवलेलं नाही. रेषेला दिशा असते. ती ज्या अंगाने धावते त्या अंगाने काठी सरकत जाते आणि काठीमागून पाऊल. ठिपक्याला दिशाच नसते. काठी त्यावर खडखडते, पाय बिचकतो. पुढे रस्ता आहे, जिना आहे, वळण आहे किंवा फलाटाची कड आहे, हे न सांगता कळतं.

मी इंटरॲक्शन डिझाइन शिकते. माणूस आणि वस्तू यांच्यातला संवाद आखणं हे या विषयाचं काम. बिल मॉग्रिज आणि बिल व्हर्प्लँक यांनी १९८०च्या दशकात हे नाव रूढ केलं, तेव्हा त्यांच्यासमोर संगणक होते. आज हे नाव घेतलं की लोकांना मोबाइलचा पडदा आठवतो. पण या विषयातला मला सर्वांत थक्क करणारा नमुना सिमेंटचा आहे. त्याला वीज लागत नाही, त्याचं चार्जिंग संपत नाही, आणि हजारो माणसं अंगावरून गेली तरी तो आपलं म्हणणं बदलत नाही.

ही फरशी जपानमधली. ओकायामा शहरातल्या सेइची मियाके यांच्या एका मित्राची दृष्टी अधू होत चालली होती. त्याला रस्त्यावर निर्धास्त चालता यावं म्हणून मियाके यांनी १९६५मध्ये स्वतःच्या पैशाने हा ठोकळा घडवला. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या एका चौकात तो पहिल्यांदा जमिनीत बसला. पुढे तो जपानच्या रेल्वे फलाटांवर गेला आणि तिथून जगभर. २०१२मध्ये अशा फरशांसाठी ‘आयएसओ’चं आंतरराष्ट्रीय मानकही आलं. आणि रंग पिवळा का? तर ज्यांना आपण सरसकट ‘अंध’ म्हणतो, त्यांच्यातल्या अनेकांना थोडंफार दिसतं. करड्या काँक्रीटवर पिवळा पट्टा त्यांच्या अंधूक नजरेलाही सापडतो.

खोलात शिरावं तसं आश्चर्य वाढतच जातं. फूटपाथची कड घ्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला ती कड अडथळा असते, म्हणून झेब्रा क्रॉसिंगपाशी फूटपाथ उतरता करतात. पण दृष्टिहीन माणसाला हीच कड सांगत असते की फूटपाथ संपला, पुढे गाड्या आहेत. ती गुळगुळीत केली तर तो नकळत रस्त्यात उतरेल. एकाची सोय दुसऱ्याच्या जिवावर! जपानने यावर तोडगा काढला तो दोन सेंटिमीटरचा. चाक चढेल इतकी कमी आणि काठीला जाणवेल इतकी जास्त, एवढीच कड तिथे ठेवतात, आणि तिच्या अलीकडे ठिपक्यांचा पट्टा.

फलाटावरचा पेच आणखी अवघड. पायाखाली ठिपके लागले म्हणजे कड जवळ आहे हे कळलं. पण ती कुठल्या बाजूला? गर्दीत धक्का लागून माणूस अर्धा वळला, तर रूळ पुढे की मागे हे ठिपके सांगू शकत नाहीत. जपानी फलाटांवर यासाठी ठिपक्यांना लागून, आतल्या बाजूने, एक सलग रेघ जोडली गेली. रेघ ज्या बाजूला, ती बाजू सुरक्षित. एका उंचवट्याने माणसाला त्याची दिशा परत मिळते.

पाय संपतात तिथे कान आणि बोटं सुरू होतात. जपानच्या अनेक चौकांत एका दिशेचा सिग्नल सुटला की कोंबडीच्या पिलाची चिवचिव वाजते आणि दुसऱ्या दिशेचा सुटला की कुकू पक्ष्याची साद. कोणता रस्ता मोकळा झाला हे आवाजावरूनच समजतं. ब्रिटनमध्ये पादचाऱ्यांच्या सिग्नलच्या बटणाखाली, पेटीच्या तळाशी, बोटात मावेल असा धातूचा एक छोटा शंकू लपलेला असतो. हिरवा दिवा लागला की तो फिरू लागतो. शेजारी शेजारी दोन क्रॉसिंग असली तर आवाजाने घोटाळा होईल, तिथे हा मुका शंकू कामाला येतो. रोज ते बटण दाबणाऱ्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. ऑस्ट्रेलियातल्या बटणावर ओलांडायची दिशा दाखवणारा बाण आहे, तो हाताला थरथरताना जाणवतो. त्याची टकटक थांबायचं असताना संथ असते, चालायचं असताना द्रुत होते. रस्त्यावर गोंगाट वाढला की तीही आपला आवाज चढवते. हीच टकटक २०१९मध्ये बिली आयलिश या गायिकेने ‘बॅड गाय’ या गाण्यात वापरली. जगभर लोक तिच्यावर नाचले.

आपल्याकडेही हा संवाद सुरू झाला आहे. मुंबईच्या अनेक लोकल फलाटांवर दिव्यांगांचा डबा कुठे येणार, हे बीप वाजवून सांगितलं जातं. मेट्रो स्थानकांत पिवळे पट्टे प्रवेशद्वारापासून फलाटापर्यंत नेतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणं बंधनकारक केलं आहे. पण फूटपाथवर आलं की वाक्य तुटतं. पट्टा सरळ जाऊन झाडाच्या बुंध्यात शिरतो, नाहीतर विजेच्या डीपीवर आपटतो. कुठे ठिपके आणि रेषा शोभेसाठी आलटून पालटून बसवलेल्या. म्हणजे पावलागणिक ‘चला, थांबा, चला, थांबा’. अशा पट्ट्यापेक्षा कोरा फूटपाथ बरा, कारण तो निदान खोटं बोलत नाही. फरशी खरेदी करणं सोपं आहे. ती काय म्हणते हे ठेकेदाराला, गवंड्याला आणि साहेबाला ठाऊक असणं, हे खरं डिझाइन.

त्यातला आपला वाटाही मोठा आहे. पिवळ्या पट्ट्यावर स्कूटर लावू नका, दुकानाची पाटी उभी करू नका, फलाटावर त्यावर बॅगा ठेवून गप्पा मारत थांबू नका. तुमच्या गल्लीत नवा फूटपाथ होत असेल तर क्षणभर थांबून पाहा : रेषा चालण्याच्या दिशेने आहेत ना? ठिपके फक्त वळणावर आणि कडेपाशी आहेत ना? चूक दिसली तर सिमेंट ओलं आहे तोवरच वॉर्ड ऑफिसला कळवा. एकदा ते सुकलं की ती चूक वर्षानुवर्षं तिथेच राहते.