पिंपात मुरलेला धूर

धुरकट व्हिस्की म्हटलं की स्कॉटलंडच्या आयला बेटाचं नाव आधी निघतं. लॅफ्रॉएग, आर्डबेग, लागाव्हुलिन ही तिथली बडी घराणी. बाटली उघडताच डांबर, आयोडीन आणि किनाऱ्यावरच्या शेवाळाचा वास खोलीभर होतो. काहींना तो पहिल्या घोटातच जिंकतो. बाकीचे पेला सरकवतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

या दुसऱ्या गटाने ऑर्कनी बेटांकडे वळायला हरकत नाही. तिथल्या स्कापा डिस्टिलरीने २०१६ साली ‘ग्लान्सा’ नावाची सिंगल माल्ट बाजारात आणली. १८८५ साली सुरू झालेली ही डिस्टिलरी ओळखली जाते ती धूर नसलेल्या, मऊ, मधाळ व्हिस्कीसाठी. त्याच बेटावरची १७९८ सालची हायलंड पार्क हॉबिस्टरच्या माळावरचं पीट जाळते. स्कापा मात्र त्यापासून दूर राहिलेली. तरी ग्लान्साला धुराचा वास आहे, आणि तो आला पिंपातून.

पीट म्हणजे पाणथळ जागी शतकानुशतकं अर्धवट कुजत दबलेल्या वनस्पतींचा काळा थर. त्याच्या विटा कापून, वाळवून जळण म्हणून वापरतात. झाडं तुरळक असलेल्या ऑर्कनीत तर चुलीही यावरच पेटत. मोड आलेले जव भट्टीत वाळवताना खाली पीट जाळलं, की धुरातली फिनॉल नावाची संयुगं दाण्याला चिकटतात. मग ती दळण, आंबवण, ऊर्ध्वपातन असा सगळा प्रवास करून बाटलीपर्यंत पोचतात. म्हणजे नेहमीच्या धुरकट व्हिस्कीत धूर धान्यातच असतो.

ग्लान्साची गोष्ट उलटी आहे. बिनधुराची व्हिस्की आधी अमेरिकन ओकच्या पिंपांत मुरते आणि शेवटचा काही काळ अशा पिंपांत काढते, ज्यांत पूर्वी धुरकट व्हिस्की होती. ओकचं लाकूड पोटात काही लिटर दारू धरून ठेवतं. हिंग संपला तरी डबी वास सोडत नाही, तसं हे पिंप रिकामं झालं तरी धूर सोडत नाही. नव्या पाहुण्याला तो थोडा थोडा देत राहतं. जळजळीत डांबरापेक्षा गोडसर राखेचा गंध जास्त उतरतो.

ही युक्ती स्कापाची एकटीची नव्हे. डफटाउनच्या बॅल्व्हेनी डिस्टिलरीचे, १९६२ साली कामाला लागलेले डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनी मुरलेली व्हिस्की दुसऱ्या पिंपात हलवून तिला नवी चव देण्याची पद्धत रुळवली. बॅल्व्हेनीची सतरा वर्षांची ‘पीटेड कास्क’ त्याच वाटेवरची. अट्टल धूरप्रेमी अशा बाटल्यांना ‘धड ना हे, धड ना ते’ म्हणून नाक मुरडतात. ते थोडं अन्यायाचं आहे. इथे धूर मसाल्याइतकाच असायचा असतो, आणि तो शोधायची मजा मोठ्या धुरात मिळत नाही.

शोधायचं तर सोडा आणि बर्फ दोन्ही बाजूला ठेवावे लागतात; थंड पेल्यात वास दबतो. खाली फुगीर, वर निमुळता पेला घ्यावा आणि तळाला बोटभर ओतावी. नाक थेट आत खुपसलं तर अल्कोहोल झोंबतं, म्हणून पेला हनुवटीशी धरून तोंड किंचित उघडं ठेवून हुंगावं. पहिल्यांदा व्हॅनिला, बटरस्कॉच, पिकलेलं फळ असं काहीबाही येतं आणि धूर कुठे गेला असं वाटतं. छोटा घोट जिभेवर फिरवून गिळल्यावर, गोडवा ओसरू लागला की तो घशातून नाकाकडे चढतो. घाईने दुसरा घोट घेणाऱ्याच्या हाती तो लागत नाही.

पाण्याचं काय? स्वीडनमधल्या ब्योर्न कार्ल्सन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकावर हे तपासलं. धुरकट वासाचा ग्वायकोल हा रेणू अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर पृष्ठभागाशी थांबतो, ५९ टक्क्यांच्या वर गेलं की आत बुडी मारतो, असं त्यांना दिसलं. थेट पिंपातून बाटलीत आलेल्या कडक व्हिस्कीला पाणी का मानवतं, याचा थोडा उलगडा त्यातून होतो. ग्लान्सा मुळातच ४० टक्क्यांची; तिला चार थेंब पुरे.

तुलनेसाठी गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन ‘बोल्ड’ हाताशी आहे. तिचा धूर धान्यातूनच येतो आणि त्यासाठीचं पीट आयलाचं असतं. दोन्ही बाटल्या समोर असतील तर आधी ग्लान्सा घ्यावी, बोल्ड नंतर. क्रम उलटला तर जिभेवर बोल्डचा धूर ठाण मांडतो आणि मागून येणारी ग्लान्सा नुसतीच गोड लागते.