गहू सोडला, पोट शांत झालं. मग दोष ग्लुटेनचाच का?

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. तपासण्या नॉर्मल, तरी पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता. अशा बऱ्याच जणांना गहू आणि कांदा सोसत नाही. आपल्या निफाडच्या कृषी संशोधन केंद्रात गव्हावर काम चालतं, आणि लासलगावचा कांदा तर जगजाहीर. म्हणजे दोन्ही आपल्या रोजच्या ताटातले.

चपाती बंद केली, बरं वाटलं, की लोक ठरवून टाकतात, ‘मला ग्लुटेन चालत नाही.’ पण चपातीसोबत फ्रुक्टनही ताटातून गेलं ना! फ्रुक्टन म्हणजे फ्रुक्टोजच्या रेणूंची साखळी. ती तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते, जिवाणू ती आंबवतात, गॅस होतो. आयबीएसमध्ये आतडं जास्त संवेदनशील, म्हणून तोच गॅस दुखतो. कांदा-लसणात ग्लुटेन नाही, फ्रुक्टन मात्र भरपूर.

एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कारण कसं ओळखायचं? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात स्वतःहून ग्लुटेन टाळणाऱ्या, सीलिॲक नसलेल्या 59 जणांना ग्लुटेन, फ्रुक्टन आणि प्लासिबोचे म्युसली बार प्रत्येकी 7 दिवस दिले. कुठला बार कधी, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि संशोधकांनाही. फ्रुक्टनने ग्लुटेनपेक्षा जास्त त्रास झाला. ग्लुटेन आणि प्लासिबोत फरक दिसला नाही. सर्वाधिक त्रास 24 जणांना फ्रुक्टनने, 13 जणांना ग्लुटेनने आणि तब्बल 22 जणांना प्लासिबोने झाला! प्लासिबो गट का लागतो, याचं याहून चांगलं उदाहरण शोधू नका.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहारही असाच चालतो: 2 ते 6 आठवडे असे पदार्थ कमी करायचे, मग एकेक परत आणून बघायचं. कायमचं पथ्य नाही. तोवर ज्वारीची भाकरी, भात, फोडणीला चिमूटभर हिंग. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून कांदा तेलात परतून काढून टाकला तर चव राहते. रश्शातून काढून उपयोग नाही.

प्रोबायोटिकमध्ये प्रश्न स्ट्रेनचा असतो. एका स्ट्रेनचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये आयबीएससाठी ती फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच वापरावीत असं सुचवलं. घरच्या दह्यात कुठला स्ट्रेन किती, हे ठरलेलं नसतं.

आणि गहू सोडण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करा. सोडल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. वजन घटत असेल, शौचात रक्त असेल किंवा ॲनिमिया असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवा, आधी डॉक्टर गाठा.