संकरित स्फटिक : प्रकाश नक्की कोण पकडतं?

सौरऊर्जेच्या बातम्यांत हल्ली ‘पेरोव्स्काइट’ सारखं भेटतं. मूळचं पेरोव्स्काइट म्हणजे १८३९ मध्ये उरल पर्वतातून आलेलं कॅल्शियम टायटनेटचं खनिज. सौरघटात ते नसतं. तिथे असतो त्याच धाटणीची रचना असलेला, प्रयोगशाळेत घडवलेला सेंद्रिय-असेंद्रिय संकरित स्फटिक, बहुधा मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड किंवा त्याचा एखादा भाऊबंद.

यातला सेंद्रिय रेणू प्रकाश शोषतो, हा सर्वांत पक्का गैरसमज. खरं तर सूर्यप्रकाश पकडतो तो शिसं आणि आयोडीनचा पिंजरा. मिथाइलअमोनियम त्याच्या पोकळीत बसून पिंजरा सावरतो, एवढंच. पुरावा डोळ्यांना दिसतो. रेणू तोच ठेवून आयोडीनच्या जागी ब्रोमीन घातलं, की काळा स्फटिक नारिंगी होतो. क्लोरीन घातलं तर रंगच उरत नाही.

स्फटिक द्रावण निवतानाच धरतात, हेही इथे खोटं ठरतं. खडीसाखर तशीच धरते, पण वरच्या ब्रोमीनवाल्या स्फटिकाचं डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकातलं द्रावण उलट तापवावं लागतं. तापताना विद्राव्यता घटते आणि काही तासांत बाटलीच्या तळाशी नारिंगी, चौकोनी स्फटिक वाढलेले दिसतात. द्रावण थंड होऊ दिलं, तर तेच पुन्हा विरघळू लागतात!

प्रकाशाने नुसती वीज होते असंही नाही. आयोडीन-ब्रोमीन मिश्र स्फटिकावर प्रखर प्रकाश पडत राहिला, की दोघांचे आयन फारकत घेतात आणि अंधारात ठेवल्यावर पुन्हा मिसळतात. बघणाऱ्याला गंमत, सौरघट बनवणाऱ्याला डोकेदुखी, कारण व्होल्टेज घसरतं.

मग सिलिकॉनचे दिवस भरले का? जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये अशा संकरित सौरघटाची ३.८ टक्के कार्यक्षमता दाखवली. आज ती २६ टक्क्यांपलीकडे आहे. पण ओल लागली की घटातला स्फटिकाचा काळा थर पिवळा पडतो, मागे लेड आयोडाइड उरतं. आपल्या पावसाळ्यात ही बाब किरकोळ नाही. म्हणून उद्योगाचा मोठा भर सध्या सिलिकॉनला हाकलण्यापेक्षा त्याच्यावर हा थर चढवण्यावर आहे.

‘सेंद्रिय’ घटक आहे म्हणून हे निरुपद्रवी, असं मानू नका. अर्धा मायक्रॉन जाडीच्या थरात चौरस मीटरमागे शिसं एक ग्रॅमहूनही कमी असतं, पण ते पाण्यात उतरू शकतं. असं पॅनेल घ्यायची वेळ आली, तर कार्यक्षमतेआधी दोन गोष्टी विचारा : सील किती वर्षं टिकेल, आणि फुटलेलं पॅनेल परत कोण घेईल?