जाणून घेणे, कळवणे, सांगणे : मुलांचे अनपेक्षित जनुकीय निष्कर्ष आणि पालकांचा निर्णय

बालकाच्या आजाराचे कारण शोधण्यासाठी त्याच्या जनुकांची तपासणी करावी आणि त्या आजाराशी संबंध नसलेली भलतीच गोष्ट हाती लागावी, असे घडू शकते. बालक अजाण असल्यामुळे अशा निष्कर्षाचा निर्णय आईवडिलांवर येतो. त्याची चर्चा 'सांगावे की न सांगावे' या एकाच द्वंद्वात केली जाते. वस्तुतः येथे निर्णय तीन आहेत. जाणून घेणे, कळवणे आणि सांगणे ही आपली तीन क्रियापदे ते वेगळे दाखविण्यास उपयोगी पडतात.

अमेरिकेत या प्रश्नाने तज्ज्ञांनाही पेचात टाकले. प्रौढ वयात उद्भवणाऱ्या रोगांची तपासणी मुले सज्ञान होईपर्यंत सामान्यतः करू नये, असा सल्ला तेथील वैद्यकीय आनुवंशिकीच्या महाविद्यालयाने बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीसह २०१३ साली दिला. त्याच वर्षी त्याच महाविद्यालयाने ५६ जनुकांची यादी प्रसिद्ध करून, त्यांतील रोगकारक बदल रुग्णाच्या वयाचा विचार न करता कळवावेत, असेही सुचविले. २०१४ मध्ये हे निष्कर्ष नाकारण्याची मुभा देण्यात आली.

बॉस्टन येथील 'बेबीसीक' प्रकल्पात १५९ नवजात बालकांची जनुके वाचण्यात आली. प्रारंभी केवळ बालपणी उद्भवणाऱ्या रोगांचेच निष्कर्ष कळविण्याचा नियम होता. परंतु एका बालकात 'बीआरसीए-२' या जनुकाचा दोष आढळला. त्याने प्रौढपणी स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बालकासाठी तत्काळ करण्याजोगे काही नव्हते. मात्र असा दोष बहुधा आईकडून वा वडिलांकडून आलेला असतो, आणि मौन पाळल्यास त्यांच्याच जिवाला धोका राहतो. अखेर नियम बदलण्यात आला. पुढे ज्या ८५ बालकांच्या पालकांनी संमती दिली, त्यांपैकी ३ बालकांत प्रौढपणीच्या, उपाययोजना शक्य असलेल्या रोगांचा धोका आढळला.

जाणून घेण्याचा निर्णय पालकांचा स्वतःचाही असतो. त्यांना वेळीच तपासणी करून घेता येते. कळवणे आप्तांशी संबंधित आहे. दोष आईकडून आला असेल तर मावशी-मामांना, वडिलांकडून आला असेल तर आत्या-काकांना तो असण्याचा संभव सामान्यतः निम्मा असतो. इंग्रजीतील 'आंट' या शब्दात झाकली जाणारी कुळाची बाजू मराठी नातेशब्द उघड करतात. वैद्यालाही प्रथम तीच जाणून घ्यावयाची असते. ही माहिती आप्तांच्याही जिविताची असल्यामुळे ती केवळ संकोचापोटी दडवून ठेवणे समर्थनीय नाही.

मुलाला सांगणे मात्र निराळे. जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञाने १९८० साली मुलाच्या 'खुल्या भविष्या'चा हक्क मांडला. एकदा सांगितलेले परत घेता येत नाही. म्हणून जाणावे की न जाणावे, ही निवड शक्यतो त्याच्यासाठी राखून ठेवावी. 'बीआरसीए' दोष असलेल्या स्त्रियांची स्तनतपासणी पंचविशीच्या सुमारास सुरू होते. तोवर अवधी असतो. उलट 'एपीसी' जनुकाच्या दोषात मोठ्या आतड्याची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयातच सुरू करावी लागते. तेथे मुलाला वयानुरूप समजावून सांगणे अटळ ठरते.

तात्पर्य, पहिले दोन निर्णय तातडीचे असतात; तिसरा रोगाच्या वयानुसार लांबणीवर टाकता येतो. परंतु लांबणीवर टाकणे म्हणजे विसरणे नव्हे. मूल सज्ञान होईल तेव्हा त्याला हे कोण सांगणार आणि कागदपत्रे कोणाकडे राहणार, हे पालकांनी आजच ठरवून ठेवावयास हवे. एरवी राखून ठेवलेली निवड त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही.