इलेक्ट्रिक गिटारच्या तारा लवकर गंजतात? महागड्या कोटेड तारा घेण्याआधी हे वाचा

नव्या तारा चढवल्या की गिटार कशी खणखणीत वाजते! पण पंधरा-वीस दिवस गेले की आवाज बसायला लागतो. बारीक तारांवरून बोट सरकवलं की खरखर लागते आणि वाजवून झाल्यावर बोटांची टोकं काळी झालेली दिसतात. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांना तर हे पावसाळ्यात हमखास अनुभवायला मिळतं. हवा दमट, हाताला घाम आणि तारा पोलादाच्या. गंज चढायला आणखी काय हवं?

मग दुकानात गेलं की सल्ला मिळतो, "कोटेड घ्या, जास्त टिकतात." पाकीट उलटून किंमत बघावी तर साध्या संचाच्या दुप्पट, कधी अडीचपट. एवढे पैसे घालून त्या खरंच परवडतात का?

काहींना नक्की परवडतात, काहींचे पैसे अक्षरशः पाण्यात जातात. तुम्ही यातले कोण, हे तुमच्या तारा कशामुळे खराब होतात त्यावर ठरतं. म्हणून ब्रँड नंतर बघू, आधी तारेचं काय होतं ते बघूया.

तार खराब होते म्हणजे नेमकं काय होतं?

इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारांपैकी साधारणपणे बारीक तीन, म्हणजे ई, बी आणि जी, या नुसत्या पोलादी तारा असतात. त्यांना प्लेन स्ट्रिंग म्हणतात. जाड तीन तारांमध्ये, म्हणजे डी, ए आणि खालच्या सुराची ई यांत, आत पोलादाचा गाभा असतो आणि त्याभोवती दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. ही बाहेरची तार बहुतेक वेळा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते.

या तारा चार प्रकारे खराब होतात.

पहिला गंज. घामात मीठ असतं, हवेत ओलावा असतो. दोन्ही मिळून पोलाद खातात. प्लेन तारांवर हे सगळ्यात आधी दिसतं.

दुसरा मळ. बोटांचं तेल, घाम आणि मेलेली त्वचा जाड तारांच्या वेढ्यांमध्ये जाऊन बसते. त्याचं हळूहळू कीट तयार होतं. तारेला ठिकठिकाणी कमी-जास्त वजन चिकटल्यावर ती मोकळेपणाने कंप पावत नाही. वरचे चमकदार स्वर आधी दबतात आणि आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा वाटतो.

तिसरी झीज. तार रोज फ्रेटवर दाबली जाते. जिथे दाबली जाते, तिथे तिला खालून बारीक पोचे पडतात. तारेची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की गिटार मोकळ्या तारेवर सुरात लागते, पण वरच्या फ्रेटवर बेसूर वाटते.

चौथा ताण. सारखं बेंड करणं, जोरात पिक मारणं, ट्रेमोलोचा दांडा ओढणं, यामुळे धातू थकतो आणि एक दिवस तार तुटते.

आता लक्षात ठेवायची गोष्ट ही, की कोटिंग पहिल्या दोन गोष्टींपासून वाचवतं. पोचे आणि तुटणं यावर नुसत्या कोटिंगचा फारसा उपाय चालत नाही.

हे कोटिंग आलं कुठून?

घरातला नॉनस्टिक तवा आठवा. त्यावर पीटीएफई नावाचं प्लास्टिक असतं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बॉब गोर यांना हा पदार्थ झटक्यात ताणला तर तो सूक्ष्म छिद्रांचा आणि तरीही मजबूत होतो, हे सापडलं. पाणी आत न येऊ देणारी पण घामाची वाफ बाहेर सोडणारी गोर-टेक्सची जाकिटं त्यातूनच आली. पुढे याच पदार्थापासून शस्त्रक्रियेत वापरायच्या कृत्रिम रक्तवाहिन्याही बनल्या.

याच गोर कंपनीत डेव्ह मायर्स नावाचे अभियंते वैद्यकीय उपकरणांवर काम करायचे. आपल्या सायकलच्या गिअरची केबल माती-चिखलाने अडकू नये म्हणून त्यांनी तिच्यावर प्लास्टिकचा थर देऊन पाहिला. तो प्रयोग जमला आणि पुढे हीच कल्पना गिटारच्या तारांपर्यंत पोचली. १९९० च्या दशकात 'एलिक्सर' या नावाने या तारा बाजारात आल्या. नंतर डॅडारिओ, अर्नी बॉल, डीआर अशा इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धतीने जास्त टिकणाऱ्या तारा काढल्या.

सगळ्या कोटेड तारा सारख्या नसतात

पाकिटावर 'कोटेड' लिहिलेलं असलं तरी आत वेगवेगळं तंत्र असू शकतं.

एका पद्धतीत बाहेरची तार गुंडाळून झाल्यावर सगळ्या तारेवरून पातळ आवरण चढवतात. एलिक्सरची पद्धत ही. वेढ्यांमधल्या फटी झाकल्या जातात, त्यामुळे कीट आत शिरायला जागा राहत नाही.

दुसऱ्या पद्धतीत गुंडाळायच्या तारेवर आधीच थर देतात आणि मग ती गाभ्याभोवती गुंडाळतात. डॅडारिओची जुनी ईएक्सपी मालिका या प्रकारची. हाताला अशी तार साध्या तारेच्या जवळची लागते. धातू सुरक्षित राहतो, पण वेढ्यांमधल्या फटी उघड्याच असल्याने मळ साचायला वाव राहतो.

तिसरा प्रकार आहे रासायनिक प्रक्रियेचा. यात जाणवण्यासारखं आवरण नसतं, तारेच्या पृष्ठभागावरच गंज आणि ओलावा रोखणारी प्रक्रिया केलेली असते. डॅडारिओच्या एक्सटी मालिकेत सहाही तारांवर अशी प्रक्रिया असते. अर्नी बॉलने पॅराडाइम मालिकेत अशा प्रक्रियेबरोबर जास्त मजबूत पोलादही वापरलं आणि ९० दिवसांत तार तुटली किंवा गंजली तर बदलून देण्याची हमी दिली. आपल्याकडच्या विक्रेत्याकडे ती हमी लागू आहे का, हे मात्र घेण्याआधी विचारून घ्या.

इलेक्ट्रिक गिटारची खरी मेख

अकूस्टिक गिटारवर साधारणपणे चार तारा गुंडाळलेल्या असतात, त्याही ब्राँझच्या. ब्राँझ लवकर काळवंडतं, म्हणून तिथे कोटिंगचा फायदा पटकन दिसतो.

इलेक्ट्रिकवर हिशेब वेगळा आहे. इथे सहातल्या तीन तारा प्लेन आणि गंजायला सगळ्यात पुढे त्याच. पण पीटीएफईसारखं आवरण बऱ्याचदा फक्त गुंडाळलेल्या तारांवर असतं. उदाहरणार्थ, एलिक्सरच्या इलेक्ट्रिक संचात प्लेन तारांना आवरणाऐवजी गंजरोधक मुलामा असतो. म्हणजे दुप्पट पैसे मोजूनही निम्म्या तारांवर तुम्हाला वाटतं ते आवरण नसतंच!

म्हणून 'कोटेड आहे का' एवढंच विचारून थांबू नका. 'प्लेन तारांना काय संरक्षण दिलंय' हे पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीत शोधा. दमट हवेत राहणाऱ्यांसाठी तर हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आवाज बदलतो का?

पिकअप तारेतल्या पोलादाची हालचाल टिपतं. वरच्या प्लास्टिकच्या थराशी त्याला देणंघेणं नसतं. पण आवरणामुळे तारेचं कंपन थोडं दबतं, त्यामुळे पहिल्या दिवशीची झळाळी साध्या तारेपेक्षा किंचित कमी वाटू शकते. आवरण जाड असेल तर हे जास्त जाणवतं आणि तार बोटांना गुळगुळीत, थोडी निसरडी लागते. एलिक्सरमध्येच बघा. पॉलीवेब हे जाड आवरण आहे, नॅनोवेब त्याहून पातळ आणि ऑप्टिवेब साध्या तारेच्या जवळ जाणारं.

डिस्टॉर्शन लावून रॉक वाजवणाऱ्याला हा फरक बहुधा कळणारही नाही. स्वच्छ टोनवर वाजवणाऱ्याला कळेल. बेंड करताना बोट तारेला घट्ट धरून राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांना पातळ थर किंवा प्रक्रिया केलेल्या तारा जास्त आवडतात.

तुमच्या तारा कशाने जातात, हे ओळखा

उतरवलेल्या तारा लगेच फेकू नका. पाच मिनिटं निरखून पाहा.

• बारीक तारांवर तपकिरी-काळे ठिपके आहेत, कपड्याने पुसल्यावर डाग पडतो? हा गंज. प्लेन तारांनाही संरक्षण असलेला संच घ्या, पैसे वसूल होतील.

• गंज नाही, पण जाड तारा मंद वाजतात, वेढ्यांत काळपट थर दिसतो? हे कीट. पूर्ण आवरण असलेल्या तारा उपयोगी पडतील. त्याआधी महिनाभर वाजवून झाल्यावर तारा पुसायची सवय लावून बघा. कदाचित तेवढ्यावरच भागेल.

• तारेच्या खालच्या बाजूला फ्रेटच्या जागी पोचे आहेत? तुम्ही भरपूर वाजवता किंवा जोरात दाबता. इथे कोटिंगने आयुष्य फारसं वाढणार नाही.

• तार दर वेळी एकाच जागी तुटते? दोष बहुधा गिटारमध्ये आहे. ब्रिजवरच्या सॅडलला किंवा नटला धार आली असेल. कितीही महाग तार लावा, तिथेच तुटणार. कोटेड संचाच्या पैशात आधी गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून ती धार घासून घ्या.

आता पैशांचा हिशेब

समजा साधा संच ६०० रुपयांना आणि कोटेड १४०० रुपयांना मिळतो. म्हणजे किंमत सव्वादोन पटीहून थोडी जास्त. मग आयुष्यही निदान तेवढ्या पटीने वाढायला हवं.

एकीचे हात घामट आहेत, रोज तासभर वाजवते. साधा संच ४ आठवड्यांत गंजतो आणि कोटेड १२ आठवडे टिकतो. बारा आठवड्यांत साध्या तारांचे १८०० रुपये होतात, कोटेडचे १४००. तिला कोटेड स्वस्त पडल्या, शिवाय तारा बदलायची कटकट दोनदा वाचली.

दुसऱ्याचे हात कोरडे, गिटार केसमध्ये ठेवतो. साधा संच १० आठवडे जातो आणि कोटेड १५. तीस आठवड्यांत साध्या तारांचे १८०० रुपये, कोटेडचे २८००. त्याने साध्याच घ्याव्यात.

तिसरा दर महिन्याला एखादी तार तोडतो आणि अख्खा संच बदलतो. त्याला कोटेड संच म्हणजे दर महिन्याला ८०० रुपयांचा जास्तीचा फटका. अशाने प्लेन तारा सुट्या विकत घेऊन जवळ ठेवाव्यात.

हे आकडे फक्त नमुन्यादाखल आहेत. तुमचे खरे आकडे काढायला तारा चढवल्याची तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा, एवढं पुरे.

दुकानात किंवा ऑनलाइन घेताना

जाडी आधी जुळवा. गिटारवर ०.०१० ते ०.०४६ इंचांचा संच असेल, ज्याला सगळे 'दहाचा संच' म्हणतात, तर कोटेडही तोच घ्या. जाडी बदलली की ताण बदलतो, गळ्याचा बाक आणि ब्रिजची उंची बिघडू शकते. फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज असेल तर सगळंच नव्याने जुळवावं लागतं.

आणि नकली तारांपासून सावध राहा. नावाजलेल्या ब्रँडच्या हुबेहूब पाकिटात साध्या तारा भरून विकल्या जातात. अस्सल कोटेड संच साध्याच्या किमतीत मिळत असेल तर तिथेच शंका घ्या. डॅडारिओसारख्या कंपन्या पाकिटात पडताळणीचा कोड देतात, तो कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा.

कोटेड घेतल्या म्हणजे काळजी संपली असं नाही

वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा. वाजवून झाल्यावर मऊ, कोरड्या कपड्याने तारा वरून आणि खालूनही पुसा. पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगण्यापेक्षा केसमध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. काही महिन्यांनी पिक लागतो तिथे आवरण सुटून पांढरट धागे दिसू लागले तर घाबरू नका. आवाज चांगला असेपर्यंत वाजवत राहा.

तारा कधी बदलायच्या हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलकेच स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर सारखे यायला हवेत. तारा नव्या असताना जुळत होते आणि आता जुळत नाहीत, तर तारेचं आयुष्य संपलं. वरून ती कितीही चकचकीत दिसो. कोटेड तारांच्या बाबतीत ही चाचणी जास्तच गरजेची, कारण त्यांची झीज डोळ्यांना उशिरा दिसते.

अजूनही ठरत नसेल तर येत्या पावसाळ्यात एकच कोटेड संच लावून बघा आणि तारीख लिहून ठेवा. साध्या संचाच्या सव्वादोन-अडीच पट टिकला तर पुढचाही कोटेड घ्या. नाही टिकला तर साध्या तारा आणि पुसायला एक जुना सुती रुमाल, एवढ्यावर तुमचं छान भागेल.